एमी वाइनहाउसचा 'बॅक टू ब्लॅक': तिच्या बातम्या पुरे, आता गाणं ऐकूया

तिन्हीसांज

मंडळी, गेल्या रविवारची गोष्ट. आई स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसली होती आणि मी स्पीकरवर ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसचं 'लव्ह इज अ लूझिंग गेम' लावलं होतं. आई लग्नाआधी बारा वर्षं ख्याल शिकली. इंग्रजी गाण्यांच्या वाटेला ती कधी गेली नाही. दुसऱ्या ओळीला तिचा हात थांबला, शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटांत राहिली. मग तिनं मांडीवर मात्रा मोजायला सुरुवात केली. गाणं संपल्यावर म्हणाली, "ही मुलगी मुद्दाम मागे राहते गं. ठेका पुढे जाऊ देते, मग शब्द ठेवते. आणि पोचायचं तिथे बरोब्बर पोचते. कुठे गाते ही?"

मला सांगावं लागलं की ती २३ जुलै २०११ रोजी गेली, लंडनमधल्या राहत्या घरी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "परत लाव."

तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे. एमीचं नाव निघालं की केस, काजळ, दारू, मागे लागलेले फोटोग्राफर आणि शेवटचे कार्यक्रम एवढंच निघतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून तिला आधी गाणं ऐकू आलं. आपणही एकदा तसं ऐकून बघूया, एवढीच विनंती.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. 'बॅक टू ब्लॅक' हा तिचा दुसरा आणि हयातीतला शेवटचा स्टुडिओ अल्बम. ऑक्टोबर २००६ मध्ये ब्रिटनमध्ये आला. अकरा गाणी, सगळी मिळून जेमतेम पस्तीस मिनिटं. आधीचा 'फ्रँक' २००३ चा, त्यात जॅझ उघडपणे आहे. घरातच ते वातावरण होतं: टॅक्सी चालवणारे वडील घरी सिनात्राची गाणी गायचे, आणि सारा व्हॉन, डायना वॉशिंग्टन यांच्या रेकॉर्डी ऐकत ती वाढली. नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबरही ती गायली होती. 'फ्रँक'नंतर प्रेम जडलं, मोडलं, आणि त्या दिवसांत ती साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांची गाणी सारखी ऐकायला लागली, शांग्री-लाजची विशेष. 'बॅक टू ब्लॅक' तिथून निघाला.

संगीत संयोजन दोघांचं. सहा गाणी मार्क रॉनसनबरोबर, पाच सलाम रेमीबरोबर. शीर्षकगीताची कथा मला फार आवडते. न्यूयॉर्कमध्ये दोघांची नुकतीच ओळख झाली होती. तिनं रॉनसनला शांग्री-लाज ऐकवलं, म्हणाली मला असं काहीतरी हवंय. ती गेल्यावर त्यानं रात्रीत पियानोचे ते ठाम स्वर बसवले, खाली टॅम्बोरिन भरपूर घुमारा देऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तिला ऐकवलं. शब्द तिनं त्यावर लिहिले. त्या गाण्यात मध्ये एक जागा आहे. सगळी वाद्यं मागे सरतात आणि ती 'ब्लॅक' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते, दर वेळी थोडा वेगळा टाकून. मग ठेका परत सुरू होतो. ती जागा ऐकताना मी अजूनही हातातलं काम थांबवते.

तुम्ही हा अल्बम कसा ऐकता? आवडत नसेल तर तेही लिहा, पण गाण्याबद्दल लिहा.


काळीचार

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी गाणं शिकवते, आणि तुमच्या आईंनी एका ऐकण्यात जे पकडलं ते विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला मला सहा महिने लागतात.

आघाताच्या मागे गाणं ही जॅझ गायकांची जुनी रीत. बिली हॉलिडे ऐका, तीच गोष्ट. नवशिक्याला वाटतं मागे गायचं म्हणजे रेंगाळायचं. तसं केलं तर दोन ओळींत गाणं पडतं. मागे राहायला लय आत इतकी पक्की हवी की ठेका बंद केला तरी तुमची मात्रा हलता कामा नये. एमी ओळीची सुरुवात उशिरा करते, मधले दोनतीन शब्द भराभर एकत्र घेते आणि शेवटचा शब्द निवांत ठेवते. आपल्याकडे ठुमरीत बोल बनवताना गायिका शब्द पुढेमागे करून शेवटी समेला सुखरूप उतरते, तोच आनंद.

दुसरं म्हणजे तिचा खर्ज. बायकांनी वर चढून टाळ्या घ्यायच्या असा एक समज आहे. ही खालीच राहते. 'वेक अप अलोन' ऐका, आवाज छातीतून येतो आणि ओळीच्या टोकाला बारीकसा कंप सोडून देते. तो कंप सारा व्हॉनकडून आला असावा असं मला वाटतं. शब्दांना धार देणं डायना वॉशिंग्टनचं. पण नक्कल कुठेही नाही, हे सगळं पचवून ती लंडनची मुलगी म्हणूनच गाते.


मिक्सिंगवाला

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून त्या बाजूनं लिहितो.

रॉनसनची बरीचशी गाणी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये डॅप्टोन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत डॅप-किंग्ज या बँडनं वाजवली. स्टुडिओ म्हणजे बुशविक भागातलं एक जुनं घर. ड्रम्स, पियानो, गिटार, बास एकाच खोलीत, एकाच वेळी, टेपवर. याचा अर्थ समजून घ्या. आजकाल प्रत्येक वाद्य वेगळं घेतात, मध्ये काच, कानात ठेका मोजणारी क्लिक. कुणाचं चुकलं तर तेवढंच बदलायचं. एका खोलीत वाजवलं की ड्रम्सचा आवाज पियानोच्या माइकमध्ये शिरतो, गिटारचा ड्रम्सच्या माइकमध्ये. नंतर काही वेगळं काढून साफ करता येत नाही. जे वाजलं ते वाजलं. त्या शिरकावामुळेच कानाला वाटतं की समोर माणसं बसली आहेत.

एकदा आम्हीही हट्टानं एका भावगीताचं ध्वनिमुद्रण असं केलं होतं, गायिका, तबला, पेटी, व्हायोलिन सगळे एका खोलीत. अकराव्या वेळी शेवटच्या कडव्यात पेटीवाल्या काकांना शिंक आली आणि बारावा टेक घ्यावा लागला. तो बाराव्याचा ताजेपणा मला नंतर कधी मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. बँड वाजवत होता तेव्हा एमी तिथे नव्हती. रॉनसननं तिच्याबरोबर केलेले कच्चे आराखडे त्यांना ऐकवले, त्यांनी त्यावर वाजवलं, आणि तंतुवाद्यं पुढे लंडनला चढवली. तरी ऐकताना वाटतं, ती बँडच्या मधोमध उभी राहून गाते आहे. यात तिची लय किती पक्की होती ते दिसतं. काळीचार ताईंनी म्हटलंय तेच.


पावसाळी मडगाव

ब्रास ऐकून लिहिल्याशिवाय राहवेना. माझे बाबा चाळीस वर्षं सॅक्सोफोन वाजवायचे, लग्नाच्या बँडांत, फेस्तांत, मुंबईच्या हॉटेलातही काही हंगाम. त्यांच्या पिढीच्या गोव्यातल्या वादकांनी जॅझ कानानं उचललं आणि लोर्ना, ख्रिस पेरी यांच्या कोंकणी गाण्यांत ते असं मुरलं की आम्हाला ते बाहेरचं वाटलंच नाही.

बाबांना मी 'यू नो आय अॅम नो गुड' ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, ट्रम्पेट एक, टेनर एक, आणि तो तळाला गुरगुरतो ना, तो बॅरिटोन. मी नंतर पाहिलं, डॅप-किंग्जचे ब्रासवाले बरोब्बर तेवढेच होते. बाबा म्हणाले, "तीन जण आहेत, पण श्वास एकच घेतात." आणि गायिकेला जागा देतात. ती बोलत असताना गप्प, तिनं श्वास घेतला की हे दोन स्वर टाकणार. वादकाला काय वाजवायचं यापेक्षा कधी थांबायचं ते कळलं पाहिजे, हे बाबा मला लहानपणापासून सांगत आले. शेवटी कोंकणीतून म्हणाले, "बरें वाजयलां." बाबांकडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.


जुनीतबकडी

मी थोडं वेगळं लिहितो, धागाकर्तीनं राग मानू नये.

अल्बम मलाही आवडतो. पण डॅप-किंग्ज हा मुळात शॅरन जोन्सचा बँड. शॅरन जोन्स १९५६ ची, जॉर्जियातल्या ऑगस्टाची, काळी गायिका. गाण्यावर पोट भरेना म्हणून तिनं न्यूयॉर्कमधल्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरी म्हणून नोकरी केली. पहिला अल्बम आला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. त्या बँडला घडवण्यात तिचा घाम आहे. तोच बँड, तोच आवाज, तीच खोली, आणि जगभर गाजली ती विशीतली ब्रिटिश गोरी मुलगी. सोल संगीताच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलंय. काळ्या चर्चमधून आणि वस्त्यांमधून आलेलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून आलं की मगच मोठ्या दुकानात मांडलं जातं. एमीचा यात दोष आहे असं मी म्हणत नाही, पण तिच्या अल्बमचं कौतुक करताना शॅरनचं नाव न घेणं मला पटत नाही. ती २०१६ मध्ये कर्करोगानं गेली. तिचा '१०० डेज, १०० नाइट्स' जरूर ऐका.


तिन्हीसांज

@जुनीतबकडी, राग कसला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी शॅरन जोन्सचं नाव मूळ लेखात घ्यायलाच हवं होतं. काल रात्री '१०० डेज, १०० नाइट्स' पूर्ण ऐकला. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये तो आला, म्हणजे 'बॅक टू ब्लॅक'नंतर वर्षभरानं. शॅरनचा आवाज समोरून येतो, उभं राहायला लावतो. एमीचा बाजूला बसून बोलल्यासारखा. बँड एकच असून दोघींची गाणी इतकी निराळी, त्यामुळे दोघींबद्दलचा आदर वाढला.

तुमचा मुद्दा मान्य करून एक सांगते. एमीनं आवाज उसना घेतला असं म्हटलं तरी शब्द तिचेच आहेत. सोलमध्ये सहसा मोठे, सर्वांना लागू पडणारे शब्द असतात. हिच्या ओळींत चिप्स आणि पिटा ब्रेड येतो, गालिच्यावर घासून अंगाला आलेला ओरखडा येतो. आपण चुकलो हे ती दुसऱ्या कुणावर न ढकलता सांगते. मला आपली बैठकीची लावणी आठवते. बाई समोर बसून, नजर न चुकवता, स्वतःच्या मनातलं आणि देहातलं बोलते आणि ऐकणाऱ्याला अवघडायला होतं. तेच धैर्य.


खिडकीपाशी

यात जॅझ कुठे आहे कुणी समजावून सांगेल का? मला तर जुनं मोटाउन वाटतं, म्हणजे साठच्या दशकात त्या नावाच्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीनं काढलेलं सोल. 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन'ची चाल तर सरळ मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेलच्या गाण्याची आहे.


काळीचार

@खिडकीपाशी, अगदी बरोबर ऐकलंत. १९६७ चं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ', अॅशफर्ड आणि सिम्पसन यांची रचना, आणि श्रेय त्यांना दिलेलं आहे. पण हे गाणं आधी तसं नव्हतं. एमीनं ते अगदी संथ, उदास चालीत बांधलं होतं. सलाम रेमीनं ते जलद करून त्या जुन्या गाण्याच्या स्वरसंगतीवर बसवलं. संथ रूप तिच्या मृत्यूनंतर डिसेंबर २०११ मध्ये निघालेल्या 'लायनेस: हिडन ट्रेझर्स'मध्ये आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. संथ गाण्यात बाई रडते आहे. जलद गाण्यात शब्द तेच, पण ती डोळे पुसून रस्त्यानं चालायला लागली आहे.

जॅझचं म्हणाल तर 'फ्रँक'मध्ये ते वाद्यांत होतं, इथे ते गळ्यात गेलंय. खाली मोटाउनचा सरळ, चौकोनी ठेका आणि वर तिचा वाकडातिकडा, उशिरा येणारा आवाज. या दोघांच्या ओढाताणीत सगळी मजा आहे. मोटाउनच्या गायिका सहसा ठेक्यावर स्वार होऊन गातात, ही ठेक्याशी भांडत गाते. 'जस्ट फ्रेंड्स' त्या कानानं ऐकून बघा.


कॅम्डनकर

लंडनमध्ये सोळा वर्षं आहे. इथे आलो तेव्हा प्रत्येक दुकानात हा अल्बम वाजत होता.

तिन्हीसांज ताई, तुमच्या विनंतीशी मी अर्धाच सहमत आहे. बातम्या नकोत हे खरं. पण तिचं दुःख बाजूला काढून हा अल्बम कसा ऐकायचा? ते तर तिनंच त्यात घातलंय. 'रिहॅब'चंच घ्या. व्यसनमुक्ती केंद्रात जा म्हणून जवळची माणसं मागे लागली होती आणि मी नाही म्हटलं, हे तिनं रॉनसनला न्यूयॉर्कच्या रस्त्यात चालता चालता सहज सांगितलं. तिथून गाणं झालं. आधी ते संथ ब्लूज होतं, मग त्याला उडता ठेका मिळाला. सगळ्या जगानं टाळ्या वाजवत ते म्हटलं, मीही म्हटलं. आज ते गाणं मला नाचत ऐकता येत नाही. ज्याच्यावर आपण नाचलो ती खरी गोष्ट होती.

घरी पाहुणे आले की कॅम्डनला नेतो. स्टेबल्स मार्केटमध्ये २०१४ पासून तिचा पुतळा आहे, माणसाच्याच उंचीचा, कमरेवर हात. पण मला तिच्या घरासमोरचा चौक जास्त आठवतो. तिथल्या झाडांच्या बुंध्यांवर लोक चिठ्ठ्या लावतात, फुलं ठेवतात. एका चिठ्ठीवर पावसानं शाई पसरली होती, इटालियन होती बहुतेक, मला फक्त तिचं नाव वाचता आलं.

आणि ग्रॅमीची रात्र आठवा, १० फेब्रुवारी २००८. व्हिसाच्या घोळामुळे ती अमेरिकेला जाऊ शकली नाही, लंडनच्या स्टुडिओतून उपग्रहाद्वारे गायली. सहा नामांकनं, पाच पारितोषिकं. 'रेकॉर्ड ऑफ द इयर' जाहीर करायला तिकडे मंचावर टोनी बेनेट होते, जे तिचं लहानपणापासूनचं दैवत. पडद्यावर त्यांच्याकडे ती जशी बघत राहते आणि नाव पुकारल्यावर काही क्षण तिला कळतच नाही, ते असिफ कपाडियांच्या २०१५ च्या 'एमी' माहितीपटात आहे. तीन वर्षांनी त्याच बेनेटबरोबर अॅबी रोड स्टुडिओत ती 'बॉडी अँड सोल' गायली. तिचं ते शेवटचं ध्वनिमुद्रण.


तिन्हीसांज

@कॅम्डनकर, दोन दिवस तुमचा प्रतिसाद मनात घोळत होता. तुमचं बरोबर आहे. दुःख बाजूला काढा असं मला म्हणायचं नव्हतं, पण माझ्या लिहिण्यातून तसं झालं. मला राग येतो तो वेगळ्याचा. दुःख होतं म्हणून गाणं चांगलं झालं, असं लोक सहज म्हणून जातात त्याचा. प्रेम मोडलेल्या मुली जगात कमी नाहीत. त्यातल्या एकीनं ते मोडणं पस्तीस मिनिटांत, एकही शब्द फुकट न घालवता बांधलं. 'लव्ह इज अ लूझिंग गेम' अडीच मिनिटांच्या आसपास संपतं. त्यात जुगाराची उपमा पुन्हा पुन्हा परत येते, अगदी शेवटपर्यंत. हे कसब आहे, आणि ते तिच्या नावावर जमा व्हावं एवढंच मला वाटतं. २००८ मध्ये त्या गाण्याला आयव्हर नोव्हेलो पारितोषिक मिळालं, ते गीतलेखनासाठी देतात. त्याचा उल्लेख क्वचितच कुणी करतं.


मिक्सिंगवाला

+१. विक्रीचंही सांगून टाकतो, कारण 'गेल्यावर विकला गेला' असं पुष्कळदा ऐकलंय. तो जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे ती असतानाच, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. त्याच मार्चमध्ये अमेरिकेत आला तो थेट सातव्या स्थानावर. २०११ मध्ये ती गेल्यावर पुन्हा प्रचंड खपला आणि काही काळ एकविसाव्या शतकातला ब्रिटनचा सर्वांत जास्त विकला गेलेला अल्बम झाला, मग अॅडेलच्या '२१'नं त्याला मागे टाकलं. पण पाया ती असतानाच घातला गेला होता.

आणि एक आग्रह: डिंगल. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं गाव. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या सेंट जेम्स चर्चमध्ये 'अदर व्हॉइसेस' कार्यक्रमात ती गायली. ब्रास नाही, ड्रम्स नाहीत. एक गिटार, एक बास, समोर मोजकी माणसं. ज्यांना वाटतं की सगळी जादू निर्मात्यांची होती, त्यांनी हे ऐकावं.


पावसाळी मडगाव

डिंगलचं बाबांना दाखवलं. पहिल्यांदा म्हणाले, ब्रास नाही, मग काय ऐकायचं. नंतर खुर्ची पुढे ओढून बसले.


तिन्हीसांज

काल रात्री जेवणं झाल्यावर आम्हीही डिंगलचं लावलं. ड्रम्स नाहीत म्हटल्यावर मला वाटलं आता आईला मात्रा मोजता येणार नाहीत. तिनं मांडीवर हात ठेवला आणि मोजायला लागली. मध्येच थांबली, हात उचलून धरला, ओळ संपेपर्यंत तसाच. आणि एमीनं शेवटचा शब्द ठेवला तेव्हा आईचा हातही खाली आला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता कळलं मला ती कुठे येणार ते."

उद्या 'वेक अप अलोन' ऐकायचं ठरलंय. आईनं मला शब्द मराठीत लिहून मागितले आहेत, वहीत, मोठ्या अक्षरात.